प्लॅटिनमची तार, पॉलिथिनचा पडदा आणि रक्तातली साखर

ग्लुकोमीटरची स्ट्रिप फेकून देण्याआधी एकदा भिंगाखाली बघण्यासारखी असते. एका टोकाला बारीक फट. तिला रक्ताचा थेंब टेकवला की तो आपोआप आत ओढला जातो. दुसऱ्या टोकाला मीटरमध्ये खुपसायच्या काळ्या किंवा चंदेरी रेघा, म्हणजे विजेच्या वाटा. मधे प्लास्टिकच्या दोन थरांत वाळलेला पातळ लेप, त्यात एक एन्झाइम, म्हणजे ठरावीक रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, आणि एक रसायन. बस, इतकंच. पाच सेकंदांत आकडा येतो, १४२ किंवा २१८, आणि मग घरात वाद सुरू होतो की काल रात्री श्रीखंड कोणी संपवलं.

मीटरने मात्र साखर पाहिलेलीच नसते. त्याला कळते फक्त वीज, तीही अगदी किरकोळ. साखर गोड असते, पाण्यात विरघळते, पण प्लॅटिनमची साधी तार बुडवून तिला सहज मोजता येईल असं तिच्यात काही नाही. मग साखरेचं विजेत रूपांतर कोण करतं? आणि रक्तात शेकडो इतर पदार्थ असताना मोजली ती साखरच, याची खात्री कशी?

या दोन प्रश्नांपैकी दुसरा जास्त अवघड आहे. बायोसेन्सर, म्हणजे एन्झाइमसारखा जैविक घटक वापरून मोजणारी उपकरणं, या सगळ्या शाखेचा इतिहास बघितला तर एखादी गोष्ट मोजण्यापेक्षा बाकीच्यांना मोजणीपासून लांब ठेवण्यातच शास्त्रज्ञांची जास्त वर्षं गेलेली दिसतात. आणि ही युक्ती ज्याला पहिल्यांदा नीट साधली, तो माणूस साखर मोजायला निघालाच नव्हता.

लेलंड क्लार्क ज्युनियर यांचा जन्म ४ डिसेंबर १९१८ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा. पदवीसाठी ते ओहायोमधल्या यलो स्प्रिंग्ज या छोट्या गावातल्या अँटिओक कॉलेजात गेले. हे कॉलेज जरा वेगळंच होतं. तिथे विद्यार्थी काही महिने वर्गात शिकत आणि काही महिने कुठेतरी खरीखुरी नोकरी करत, आणि हे आलटूनपालटून पदवी मिळेपर्यंत चालू राही. ही पद्धत १९२१ पासून तिथे रुजवली ती आर्थर मॉर्गन या इंजिनिअरने. जाता जाता सांगायला हवं, की हेच मॉर्गन पुढे भारतात आले होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली जो विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला, त्याचे ते सदस्य होते, आणि आयोगाच्या अहवालातली ग्रामीण विद्यापीठांची कल्पना बरीचशी त्यांच्याकडूनच आलेली. आपल्याकडे ती फार रुजली नाही, तो वेगळा विषय.

क्लार्क यांनी १९४१ मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेतली, १९४४ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातून पीएचडी केली आणि अँटिओकलाच जीवरसायनशास्त्र शिकवायला परतले. कॉलेजच्या आवारात फेल्स संशोधन संस्था होती, मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारी. तिथल्या जीवरसायन विभागाचं काम त्यांच्याकडे आलं. छोटं गाव, छोटं कॉलेज. मोठ्या विद्यापीठात असते तर वेगवेगळ्या विभागांच्या भिंती आड आल्या असत्या. इथे रसायन, शरीरक्रिया आणि वर्कशॉप या सगळ्यांत एकाच माणसाला हात घालता येत होता. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी १९४८ मध्ये गावातच यलो स्प्रिंग्ज इन्स्ट्रुमेंट नावाची उपकरणं बनवणारी कंपनी काढली, तिचा पुढे या गोष्टीत मोठा वाटा आहे.

फेसाळलेलं रक्त

त्या काळात हृदय उघडून शस्त्रक्रिया करणं जवळजवळ अशक्य होतं. हृदय थांबवलं तर मेंदूला रक्त कोण पुरवणार? त्यासाठी शरीराबाहेर काही काळ हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र हवं होतं. हृदयाचं काम पंप करतो, ते तुलनेनं सोपं. फुप्फुसाचं काम म्हणजे रक्तात ऑक्सिजन मिसळणं. क्लार्क यांचा मार्ग सरळ होता: रक्तात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे. अडचण अशी की रक्त फेसाळतं, आणि त्यातला एखादा बुडबुडा मेंदूपर्यंत गेला तर सगळंच संपलं. त्यांनी काचेच्या पृष्ठभागावर फेस मोडणारा सिलिकोनचा लेप दिला. त्यावरून वाहताना फेस विरून रक्त पुन्हा साफ होई. या कामावरचा लेख १९५० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. लेखक तिघे: क्लार्क, फ्रँक गोलान आणि व्ही. बी. गुप्ता.

पण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजन नेमका किती मिसळलाय? हे चालू शस्त्रक्रियेत, क्षणाक्षणाला सांगणारं काहीच उपलब्ध नव्हतं. असं सांगितलं जातं की क्लार्क यांचा एक लेख संपादकाने याच कारणावरून परत पाठवला, की तुमच्या यंत्राने रक्तात किती ऑक्सिजन जातो हे तुम्हाला मोजताच येत नाही. कारण संपादक असो वा नसो, पुढची काही वर्षं त्यांनी याच प्रश्नाला दिली.

ऑक्सिजन विजेने मोजता येतो हे तेव्हा नवीन नव्हतं. प्लॅटिनमची तार पाण्यात बुडवा, दुसरी चांदीची तार बुडवा, आणि प्लॅटिनमला साधारण उणे ०.६ ते ०.७ व्होल्टचा दाब द्या. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनचा रेणू प्लॅटिनमवर आदळला की तो तिथून चार इलेक्ट्रॉन उचलतो आणि त्याचं पाणी होतं. जितके रेणू येतील, तितके चौपट इलेक्ट्रॉन वाहतील. वीजप्रवाह मोजला की ऑक्सिजन मोजला.

स्वच्छ पाण्यात हे छान चालतं, रक्तात नाही. रक्तातली प्रथिनं काही वेळात प्लॅटिनमवर बसतात, पुटं चढतात, आणि तार आंधळी होते. तारेवर काहीतरी आवरण घालायला हवं. क्लार्क यांनी आधी सेलोफेन गुंडाळून पाहिलं; ते सिगारेटच्या पाकिटावरचं होतं असंही सांगतात. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. सेलोफेनमधून बारीकसारीक रेणू आत शिरतातच.

मग प्लास्टिक का नाही? पॉलिथिनची पातळ फिल्म घेतली तर प्रथिनं, क्षार, पाणी सगळं बाहेर राहतं आणि ऑक्सिजन मात्र तिच्यातून झिरपतो. पण पॉलिथिनमधून वीज जात नाही. एक तार पडद्याच्या आत आणि दुसरी बाहेर रक्तात असेल तर विजेचं मंडल (सर्किट) पूर्णच होणार नाही. म्हणून कोणी पॉलिथिनचा विचार करत नव्हतं.

ऑक्टोबर १९५४ मध्ये क्लार्क यांनी जे केलं ते ऐकायला इतकं साधं वाटतं, की आधी कोणाला सुचलं कसं नाही असं वाटावं. त्यांनी दोन्ही तारा पडद्याच्या आतच ठेवल्या. मध्यभागी काचेत बसवलेला प्लॅटिनमचा ठिपका, बाजूला चांदी, दोघांमध्ये मिठाच्या पाण्याचा पातळ थर आणि वरून ताणून बसवलेली पॉलिथिनची फिल्म. विजेचं मंडल आतल्या आत पूर्ण झालं. आता पडद्यातून वीज जायची गरजच उरली नाही. बाहेर रक्त असो, बिअर असो की नदीचं पाणी, आत येणार तो फक्त ऑक्सिजन.

पडद्याचा आणखी एक फायदा झाला. उघडी तार ऑक्सिजन मोजताना तो खाऊनही टाकते, त्यामुळे द्रव ढवळला तर आकडा वेगळा आणि स्थिर राहिला तर वेगळा येतो. पडद्यामुळे ऑक्सिजन आत येण्याचा वेग पडदाच ठरवू लागला, ढवळण्याचा परिणाम बराच कमी झाला आणि आकड्यावर विश्वास ठेवता येऊ लागला. हा मुद्दा लक्षात ठेवा, साखरेच्या वेळी तो पुन्हा कामाला येणार आहे.

१९५६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. जॉन सेव्हरिंगहाऊस या भूलशास्त्रज्ञाने क्लार्क यांच्या इलेक्ट्रोडशेजारी कार्बन डायऑक्साइड मोजणारा इलेक्ट्रोड आणि पीएच मोजणारा इलेक्ट्रोड बसवून रक्तातल्या वायूंचं पहिलं एकत्रित यंत्र तयार केलं. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांना 'एबीजी पाठवलाय' असं जे ऐकू येतं, ती तपासणी याच घराण्यातली. मनगटाजवळच्या धमनीतलं रक्त घेतात, ते ठणकतं, आणि त्यातला ऑक्सिजनचा आकडा कित्येक यंत्रांत अजूनही क्लार्क यांच्याच तत्त्वावर येतो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात टाकीवर उभं राहून ऑपरेटर विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा जो डीओ मीटर पाण्यात सोडतो किंवा कोळंबीच्या तलावात पहाटे ऑक्सिजन बघितला जातो, तिथेही नवे प्रकाशावर चालणारे मीटर येईपर्यंत हाच इलेक्ट्रोड होता, आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे.

कांद्यावरच्या बुरशीची मदत

१९५८ मध्ये क्लार्क अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅममधल्या वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा विभागात गेले. रसायनशास्त्राचा माणूस सर्जरीच्या विभागात शिकवतो आहे, हे आपल्याकडे आजही सहज पचणार नाही. पण तिथे असल्यामुळेच त्यांना रोज दिसत होतं की शस्त्रक्रियेत सर्जनला ऑक्सिजनशिवाय इतरही गोष्टी सतत माहीत असायला हव्या असतात, साखर त्यातलीच एक. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून उत्तर येईपर्यंत टेबलावरची परिस्थिती बदललेली असे.

त्यांच्याकडे उत्तम ऑक्सिजन इलेक्ट्रोड होता. प्रश्न असा होता की साखरेची मोजणी ऑक्सिजनच्या मोजणीत कशी बदलायची. इथे मदतीला आलं ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम. ते मिळतं ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून. साठवलेल्या कांद्याच्या सालीखाली जी काळी भुकटी दिसते, ती बहुधा याच बुरशीची. हे एन्झाइम ग्लुकोजचा रेणू पकडतं, त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि ते ऑक्सिजनला देऊन टाकतं. ग्लुकोजचं ग्लुकोनिक आम्ल होतं आणि ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड. विशेष म्हणजे हे एन्झाइम कमालीचं चोखंदळ आहे. फ्रुक्टोज किंवा माल्टोज अशी दुसरी साखर समोर आली तरी ते जवळजवळ ढुंकून पाहत नाही.

आता जोडणी बघा. ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या पडद्यावर एन्झाइमचा थर, आणि तो वाहून जाऊ नये म्हणून वर आणखी एक पातळ पडदा. रक्तातलं ग्लुकोज आत झिरपतं, एन्झाइम त्यावर काम करतं, त्या कामात ऑक्सिजन खर्च होतो, आणि मागे बसलेल्या इलेक्ट्रोडला ऑक्सिजन कमी पडलेला दिसतो. जितकी साखर जास्त, तितका ऑक्सिजन कमी. क्लार्क आणि त्यांच्या विभागाचे प्रमुख चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात ही कल्पना मांडली. बायोसेन्सर या शाखेची सुरुवात बहुतेक जण याच लेखापासून मोजतात. लेखाचं नाव मात्र हृदयशस्त्रक्रियेतल्या सततच्या देखरेखीबद्दल आहे, मधुमेहाबद्दल नाही.

रक्तातला ऑक्सिजन स्वतःच कमीजास्त झाला तर? त्यावर उपाय म्हणजे दोन इलेक्ट्रोड, एकावर एन्झाइम आणि एकावर नाही, आणि दोघांतली वजाबाकी. पुढे क्लार्क यांनी मोजणीची बाजूच पालटली. ऑक्सिजन किती घटला हे बघण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड किती तयार झालं तेच मोजायचं, प्लॅटिनमला उलट्या बाजूचा दाब देऊन. पण त्या दाबाला क जीवनसत्त्व, यूरिक आम्ल, पॅरासिटामॉल हेही प्लॅटिनमवर जळतात आणि आपलेही इलेक्ट्रॉन देतात. मीटरला इलेक्ट्रॉनचं गाव कळत नाही. झालं, पुन्हा पडदा आला: बाहेरून प्रथिनं आणि पेशी अडवणारा पॉलिकार्बोनेटचा, आतून पेरॉक्साइडला वाट देऊन त्याहून मोठ्या रेणूंना अडवणारा सेल्युलोज ॲसिटेटचा, आणि दोघांच्या मधे एन्झाइम. १९७५ मध्ये यलो स्प्रिंग्ज इन्स्ट्रुमेंटने याच रचनेवर ग्लुकोज ॲनलायझर बाजारात आणला. वायएसआय नावाने ही यंत्रं इतकी विश्वासार्ह ठरली की पुढची कित्येक दशकं नव्या ग्लुकोमीटरचा आकडा बरोबर आहे की नाही हे त्यांच्याशीच ताडून बघितलं जात होतं.

बाहेरचा पडदा अजून एक काम करतो आणि ते समजून घेण्यासारखं आहे. एसटी स्टँडवर तिकिटाच्या चार खिडक्या आहेत असं समजा. गर्दी कमी असेल तर तासाला किती तिकिटं गेली यावरून किती माणसं आली ते कळतं. पण गणपतीच्या आदल्या दिवशी हजार माणसं आली तरी खिडक्या तेवढीच तिकिटं देतात, आणि दोन हजार आली तरी तेवढीच. मग तिकिटांच्या आकड्यावरून गर्दी कळत नाही. एन्झाइमचंही असंच होतं. साखर खूप वाढली की सगळे एन्झाइम रेणू गुंतलेले असतात आणि वीजप्रवाह वाढायचा थांबतो. मधुमेहात नेमकी वरच्या टोकालाच मोजणी हवी असते. म्हणून बाहेर मुद्दाम अरुंद फाटक ठेवायचं, ज्यातून साखर इतकी सावकाश आत येईल की खिडक्या कधी भरणारच नाहीत. मग आत येणाऱ्यांचा आकडा बाहेरच्या गर्दीच्या प्रमाणात राहतो.

१९६८ मध्ये क्लार्क सिनसिनाटीच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेत गेले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांचं डोकं एका जागी थांबणारं नव्हतं. १९६६ मध्ये त्यांनी आणि गोलान यांनी ऑक्सिजनने भरलेल्या फ्लोरोकार्बन द्रवात उंदीर पूर्ण बुडवून ठेवला आणि उंदीर तोच द्रव फुप्फुसात घेऊन श्वास घेत जिवंत राहिला. तो फोटो जगभर गेला. कृत्रिम रक्ताच्या शोधात त्यांची पुढची बरीच वर्षं गेली, पण त्यातून रोज वापरात येईल असं फारसं काही निघालं नाही. २००५ मध्ये त्यांना अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचा रुस पुरस्कार मिळाला, पाच लाख डॉलरचा, आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला सिनसिनाटीत त्यांचं निधन झालं.

यंत्राची पट्टी कशी झाली

क्लार्क यांचं यंत्र टेबलावर ठेवायचं होतं. घरी वापरायची, एकदा वापरून टाकून द्यायची स्ट्रिप हा दुसऱ्या लोकांचा उद्योग. त्यात मुख्य अडथळा ऑक्सिजनच होता. एका थेंबात ऑक्सिजन किती हे कोणाच्याच हातात नसतं. मग एन्झाइमने काढलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देण्याऐवजी दुसऱ्या कुणाकडे सोपवले तर? ऑक्सफर्ड विद्यापीठात ॲलन हिल यांचा गट आणि क्रॅनफिल्डमध्ये अँथनी टर्नर यांच्यासह तिथली मंडळी, यांनी फेरोसीन या लोहयुक्त संयुगाला हे काम दिलं. फेरोसीन एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घेतं, इलेक्ट्रोडला देतं आणि पुन्हा घ्यायला मोकळं होतं. शिवाय त्याला फार कमी व्होल्टेज पुरतं, त्यामुळे क जीवनसत्त्व वगैरे मंडळींचा गोंधळही कमी होतो. १९८४ चा तो शोधनिबंध नऊ जणांच्या नावावर आहे, आणि पहिलं नाव कोणा प्रोफेसरचं नाही, हिल यांच्या प्रयोगशाळेत पीएचडीनंतरचं संशोधन करणाऱ्या टोनी कॅस यांचं आहे. १९८७ मध्ये मेडिसेन्स कंपनीने त्यावरचा पेनाच्या आकाराचा एक्झॅकटेक मीटर विक्रीला आणला. आज आपल्या घरात असलेली स्ट्रिप त्याचीच वंशज, रसायनं बदलली असली तरी.

स्ट्रिपला अडचण नाही, कारण ती एकदाच वापरायची. पण सेन्सर शरीरात दोन आठवडे ठेवायचा असेल तर इलेक्ट्रॉन वाहून नेणारं रसायन सुटं ठेवून चालणार नाही, ते शरीरात पसरेल. इथे ॲडम हेलर यांचं काम येतं. १९३३ मध्ये रुमानियातल्या क्लुज गावी ज्यू कुटुंबात जन्म, लहानपणी होलोकॉस्टमधून बचावलेले, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात पीएचडी, मग अमेरिकेत आधी बॅटऱ्या, मग बेल लॅब्जमध्ये वर्षानुवर्षं इलेक्ट्रॉनिक्सचं साहित्य आणि सौरऊर्जा. १९८८ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, लोक निवृत्तीचे हिशेब मांडतात त्या वयात, ते टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला केमिकल इंजिनिअरिंग शिकवायला गेले आणि एन्झाइमच्या विद्युतरसायनाला पूर्ण वाहून घेतलं.

ग्लुकोज ऑक्सिडेजमधली ज्या जागी इलेक्ट्रॉन जमा होतात ती जागा प्रथिनाच्या पोटात खोल दडलेली असते. बाहेरच्या इलेक्ट्रोडला तिथपर्यंत पोचता येत नाही. हेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्मियम धातूचे अणू जोडलेली एक लांब, पाण्यात फुगणारी पॉलिमरची साखळी बनवली. ती इलेक्ट्रोडला घट्ट चिकटते, एन्झाइमला वेढून बसते, आणि इलेक्ट्रॉन एका ऑस्मियमवरून दुसऱ्यावर असे उड्या मारत बाहेर येतात. म्हणजे एन्झाइमला चक्क वायरिंग केलं. सुटं काही उरलं नाही, ऑक्सिजनचीही गरज राहिली नाही.

१९९६ मध्ये त्यांचे चिरंजीव इफ्रेम यांनी वडिलांबरोबर थेरासेन्स कंपनी काढली. पहिलं उत्पादन फ्रीस्टाइल मीटर, २००० मध्ये. त्याला ०.३ मायक्रोलिटर रक्त पुरे होतं. इतक्या थेंबासाठी बोट टोचायलाच हवं असं नाही, कोपर ते मनगट हा हाताचा भागही चालायचा, जिथे टोचल्याचं फारसं कळत नाही. २००४ मध्ये ॲबॉटने कंपनी विकत घेतली आणि २०१४ मध्ये युरोपात फ्रीस्टाइल लिब्रे आलं. दंडावर चिकटवायची, दोन रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी चकती, खाली त्वचेत शिरलेला बारीक धागा. पुण्यामुंबईत लोकलमध्ये, जिममध्ये, लग्नात स्लीव्हलेस ब्लाउजखाली ही चकती आता दिसायला लागली आहे. आयसीएमआरच्या इंडियाब सर्वेक्षणाने २०२३ मध्ये देशात मधुमेह असलेल्यांचा आकडा १०.१ कोटी सांगितला, त्यामुळे ती आणखी दिसेल यात शंका नाही. या धाग्याच्या टोकावरही बाहेरून एक पडदा असतोच, साखर सावकाश आत सोडणारा. लिब्रे रक्तातली नाही तर पेशींमधल्या द्रवातली साखर मोजते, म्हणून तिचा आकडा काही मिनिटं मागे असतो. जेवल्याबरोबर किंवा पळून आल्यावर चकती आणि बोट यांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा घाबरू नये.

पडदा किंवा एन्झाइम फसलं तर

यात चूक झाली तर काय होतं याचं सगळ्यात गंभीर उदाहरण २००९ चं आहे. काही कंपन्यांच्या स्ट्रिपमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी ग्लुकोज डिहायड्रोजिनेज-पीक्यूक्यू नावाचं एन्झाइम असे. त्याला ऑक्सिजनची फिकीर नाही, ही जमेची बाजू. पण ते माल्टोजलाही ग्लुकोज समजतं. किडनीच्या काही रुग्णांना पोटातून डायलिसिस करताना आयकोडेक्स्ट्रिन असलेलं द्रावण देतात आणि शरीरात त्याचं माल्टोज होतं. मीटरवर साखर भरपूर दिसायची, प्रत्यक्षात ती घसरलेली असायची, आणि वर इन्शुलिन दिलं जायचं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ऑगस्ट २००९ मध्ये इशारा दिला तेव्हा त्यांच्याकडे अशा १३ मृत्यूंची नोंद होती. घरात कोणी पोटातून डायलिसिस घेत असेल तर स्ट्रिपच्या डबीवरचं एन्झाइमचं नाव डॉक्टरांना दाखवून घ्या.

रोजच्या वापरातल्या चुका यापेक्षा साध्या असतात. आंबा कापून झाल्यावर हात न धुता बोट टोचलं तर मीटर आंब्याचीही साखर मोजतो. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये संत्रं, द्राक्षं आणि किवी सोलायला लावून हे तपासलं. आकडे भलतेच वर गेले आणि स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही फरक पडला नाही. नळाखाली हात धुतल्यावर आकडा जागेवर आला. आपल्याकडे क्लिनिकमध्ये बोळा फिरवला की झालं असं समजतात.

रक्त पातळ असलं, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलं, तर बऱ्याच स्ट्रिप साखर वाढवून दाखवतात, कारण लाल पेशी कमी असल्या की इलेक्ट्रोडकडे ग्लुकोज जास्त सहज पोचतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, त्यामुळे गरोदरपणातल्या मधुमेहात घरच्या आकड्यावर औषध ठरवताना हे ध्यानात ठेवायला हवं. चांगल्या मीटरमध्ये आता याची दुरुस्ती असते, सगळ्यांत नसते. आणि मीटर चांगला असला तरी आंतरराष्ट्रीय मानक त्याला १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा देतं. खरी साखर २०० असेल तर १७५ आणि २२५ हे दोन्ही आकडे नियमात बसतात. लागोपाठ दोनदा मोजून १९० आणि २१० आले म्हणून मीटर बदलायला दुकानात जाऊ नका.

क जीवनसत्त्वाने मात्र अजून पाठ सोडलेली नाही. लिब्रेच्या बऱ्याच मॉडेलच्या माहितीपत्रकात दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व घेतल्यास आकडा खोटा वाढू शकतो असं लिहिलेलं असतं, आणि सर्दी झाली की आपण चघळतो ती गोळी एकेक ५०० मिलिग्रॅमचीच असते. दुसऱ्या काही सेन्सरना, विशेषतः जुन्या पेरॉक्साइडवाल्यांना, पॅरासिटामॉल चालत नसे. चक्कर, घाम, थरथर आणि चकतीवरचा आकडा यांचा मेळ बसत नसेल तर आधी बोट टोचून खात्री करा, आणि तरीही शंका असेल तर लॅबमध्ये शिरेतलं रक्त द्या. त्या रिपोर्टवर ग्लुकोजच्या ओळीत 'जीओडी-पीओडी' किंवा 'हेक्सोकायनेज' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. जीओडी म्हणजे तीच बुरशीतली ग्लुकोज ऑक्सिडेज, फक्त तिथे इलेक्ट्रॉन न मोजता रंग मोजतात; हेक्सोकायनेज हे पूर्ण वेगळं एन्झाइम, आणि हल्ली मोठ्या लॅब बहुतेक तेच वापरतात.